व्हर्लिन स्टकीचा मोठा पंप

व्हर्लिन स्टकीने आयुष्यभर लोकांना लहान पंप विकले. पूर्व इंडियानातल्या त्या काउंटीत ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती. तिथे माणूस पिकअप घेतो तोच मुळी तिची ताकद सहाशे, आठशे, हजार अश्वशक्तीवर नेण्यासाठी. टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत ढकलणारा पंप निवडताना तो खोक्यावरचा आकडा तेवढा बघतो. तासाला दीडशे गॅलनवाला समोर असला, की हात आपोआप शेजारच्या अडीचशेवाल्याकडे जातो. व्हर्लिन आधी खोदून खोदून विचारायचा: गाडी ओझ्याला लावतोस की जत्रेतल्या ओढीच्या शर्यतीला, टर्बो कुठला, नोझल कुठले? मग बहुतेकांच्या पुढ्यात लहान खोकंच सरकवायचा. इंजिन पितं तेवढंच पाजावं, अति तिथे माती, असं त्याचं ठाम मत.

गावात त्याला नन्नाचा पाढा म्हणून ओळखत. शिव्या घालत, पण परत त्याच्याकडेच येत, कारण त्याने बसवलेल्या पंपामुळे कुणाची गाडी कधी रस्त्यात बंद पडली नव्हती.

या नन्नाचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तो धाकट्या भावाने, डेल्बर्टने. बाप गेला तेव्हा व्हर्लिन एकोणीसचा होता आणि डेल्बर्ट अकराचा. तेव्हापासून मोटरसायकल नको, गुडघा दुखावला आहे तर फुटबॉल नको, दोन महिन्यांच्या ओळखीवर आर्डिथशी लग्नाची घाई नको. डेल्बर्ट चडफडायचा, दार आपटायचा, आणि ऐकायचा. आर्डिथसाठीसुद्धा तो दीड वर्ष थांबला होता. चार वर्षांपूर्वी मात्र ठिणगी पडली. धान्याच्या ट्रकवरची ड्रायव्हरकी सोडून स्वतःचं गॅरेज काढावं, असं डेल्बर्टने गावच्या खानावळीत चारचौघांत बोलून दाखवलं, आणि व्हर्लिनने पुढ्यातल्या अंड्याच्या ताटलीवरून मान वर न करता सांगितलं, “तुला नाही जमायचं.” डेल्बर्टने ड्रायव्हरकी सोडली नाही, पण भावाशी बोलणं सोडलं. आईच्या अंत्यविधीलाही दोघे चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसले.

हे व्हर्लिनने कुणाला सांगितलं नाही, पण ती चार वर्षं त्याला फार जड गेली. म्हणून यंदाच्या जुलैत डेल्बर्टची निळी पिकअप आपणहून त्याच्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा त्याच्या हातातला पाना हातातच राहिला.

डेल्बर्टने गाडीला इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो लावला होता. शुक्रवारी काउंटीच्या जत्रेत तो ओढीला उतरणार होता. मातीच्या पट्ट्यावर वजनाची घसरगाडी ओढायची, आणि जशी ओढाल तसं तिच्यावरचं वजन पुढे सरकून भार वाढत जातो. त्याला अडीचशेवाला पंप हवा होता.

“दीडशेवाला पुरेल तुला,” व्हर्लिन सवयीने बोलून गेला.

“बघ, अजून तेच,” डेल्बर्ट म्हणाला आणि त्याने खिशातून किल्ली काढली.

आता हा गेला तर परत यायचा नाही, हे व्हर्लिनला स्पष्ट दिसलं. तो म्हणाला, “गाडी आत घे.”

पुढचे दोन दिवस त्याच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. दोघे भाऊ गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडून काम करत होते. आर्डिथ दुपारी कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या रश्श्यातल्या जाड शेवया घालून डबा आणत होती. अडचण एकच होती. मोठा पंप इंजिनाला लागतं त्याहून कितीतरी जास्त डिझेल ढकलतो. ते जास्तीचं टाकीत परत न्यायला नळीही जाड लागते, आणि ती सोमवारशिवाय येणार नव्हती. दुसरा कुणी असता तर व्हर्लिनने त्याला सोमवारी ये म्हणून घरी पाठवलं असतं. भावाला तसं सांगायला त्याची जीभ रेटेना. जुनी बारीक नळीच त्याने राहू दिली. डिझेलचा दाब दाखवणारा काटा तो प्रत्येक गाडीला लावायचा. तो नंतर लावू, असं डेल्बर्ट म्हणाला, आणि व्हर्लिनने तेही मानलं.

दोन दिवस डेल्बर्टने गाडी रस्त्यावर पळवून पाहिली. शुक्रवारी संध्याकाळी ती पट्ट्याच्या तोंडाशी उभी राहिली. इंजिन अजून बंद होतं, बॉनेट वर होतं, डेल्बर्ट हेल्मेट घालून आत बसला होता. व्हर्लिनने शेवटची नजर टाकावी म्हणून ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर होतं.

ओढवाल्यांमध्ये एक जुनी फुशारकी आहे: तुझं इंजिन ऑइल खातं, माझं तर उलट वाढवतं. वाढलेल्या पट्टीवर खूश होणारे महाभाग तिथे पैशाला पासरी मिळतील. व्हर्लिन त्यातला नव्हता. त्याने पट्टी नाकाशी नेली. डिझेलचा वास आला. परतीची वाट अरुंद, म्हणून अडलेलं डिझेल, इंजिनावर ते आत फवारणारा जो दुसरा पंप असतो त्याचं सील ओलांडून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. असं पातळ ऑइल वाफ होऊन टर्बोत गेलं, की इंजिन तेच जाळत सुटतं. मग किल्ली बंद केली तरी थांबत नाही.

लाउडस्पीकरवर डेल्बर्टचं नाव पुकारलं गेलं. आठ-दहा सेकंदांचा तर खेळ, सोमवारी सगळं उतरवून नीट करू, असं व्हर्लिनने मनाशी म्हटलं. आणि चार वर्षांनी जवळ आलेल्या भावाला चारचौघांत पुन्हा ‘नको’ म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने पट्टी विजारीला पुसली, परत खोचली आणि बॉनेट खाली घेतलं.

नव्वद फुटांवर इंजिनाचा आवाज आपसूक चढू लागला. डेल्बर्टने पाय काढला, किल्ली फिरवली. आवाज चढतच गेला. निशाणवाला लाल झेंडा हलवत राहिला आणि मग त्याने झेंडा टाकून पळ काढला. इंजिन फुटलं. लोखंडाचे तुकडे केबिनचा तळ फाडून आत घुसले. डेल्बर्टचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

जत्रेच्या समितीची माणसं इस्पितळात विचारायला गेली तेव्हा डेल्बर्टने सांगितलं, “व्हर्लिन लहान पंप घे म्हणत होता. हट्ट माझा.” ते गावभर झालं. लोक गॅरेजमध्ये येऊन व्हर्लिनचा हात हातात घेत आणि मुकाट्याने लहान पंप घेऊन जात. त्या उन्हाळ्यात जितके लहान पंप खपले तितके कधी खपले नव्हते. आर्डिथ तर म्हणाली, तुमचं ऐकलं असतं तर पाय राहिला असता. व्हर्लिनला तिच्याकडे बघवेना. पट्टीचा तो वास रोज जेवताना त्याच्या नाकात असायचा.

ऑक्टोबरात मक्याची कापणी चालू असताना तो डेल्बर्टच्या ओसरीला चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी उतार बांधत होता. डेल्बर्ट वर खुर्चीत बसून खिळे देत होता. तिसऱ्या दिवशी व्हर्लिनने हातोडा खाली ठेवला.

“डेल, त्या दिवशी ऑइलमध्ये...”

“माहीत आहे मला,” डेल्बर्ट म्हणाला. “बॉनेटखालच्या फटीतून दिसत होतास तू. पट्टी नाकाशी नेलीस आणि तसाच थांबलास.”

व्हर्लिन अर्धवट उताराच्या फळीवर बसला.

“मी हेल्मेटचा पट्टा सोडायला घेतला होता,” डेल्बर्ट म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि व्हर्लिनला तेच सोसेना. “म्हटलं, झालं, आता हा नको म्हणणार आणि मला उतरावं लागणार. पण तू बॉनेट खाली घेतलंस. मग मला वाटलं, व्हर्लिन काही बोलला नाही, म्हणजे भिण्यासारखं काही नाही. पट्टा परत आवळला आणि क्लच सोडला.”