पान चौदावरचं ‘पू.’

मंगळवार, तारीख नऊ, पुसद. हजर: मी, गॅरेजवाल्यांच्या घरातला आमचा प्रोग्रामर, आणि तहसीलमधून निवृत्त होऊन आमची मुद्रितं तपासणारे काका. गैरहजर: फुलसावंगीच्या शिक्षिकाबाई. त्या वर्गावर होत्या.

गोरबोलीतले, म्हणजे बंजारा समाजाच्या बोलीतले, शब्द गोळा करणाऱ्या दोन शिक्षिकांसाठी आम्ही एक मराठी पुस्तिका केली होती. फाइलीची प्रत्येक आवृत्ती जपणारं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, एवढाच विषय. लिहिली मी. तक्त्याचे रकाने अरुंद, म्हणून संक्षेप वापरले: ‘नों.’ म्हणजे नोंद, ‘शा.’ म्हणजे शाखा. शेवटच्या पानावर संक्षेपांची यादीही दिली. एक प्रत दारव्ह्याला गेली, एक फुलसावंगीला. माझ्या कामांच्या यादीत दोन्हींपुढे खुणा करून मी निर्धास्त झाले.

त्या दुपारी दुसऱ्या छपाईसाठी पान चौदा वाचताना काका म्हणाले, “काम झाल्यावर पूर्ण करायची आज्ञा दिली, हे बरं केलं बाई.”

“कोणती आज्ञा?”

“ही काय. पू.”

“काका, ते पूर्ववत आहे.”

“पूर्ववत? जन्मभर फायलींवर पू. लिहिलं मी. पू. म्हणजे पूर्ण.”

“आमच्या शाळेत पू. म्हणजे पूज्य,” प्रोग्रामर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. “मले गणितात भेटे. ही आज्ञा देणाऱ्यालेही तेच भेटन.”

हसता हसता तो थांबला. ती आज्ञा दिली की शेवटच्या नोंदीनंतरचं सगळं काम पुसलं जातं. मी संक्षेपांची यादी उघडली. नों. होतं, शा. होतं. पू. नव्हतं. मला ते उघडच वाटलं होतं.

दारव्ह्याच्या बाईंनी लगेच फोन उचलला. त्यांनी पुस्तिका अजून उघडलीच नव्हती. फुलसावंगीचा फोन नुसता वाजत राहिला. आम्ही पहिली नोंद करून दिलेल्या फाइलीत मोजके शब्द होते. बाकीचे त्या बाईंनी तीन महिने सासूबाईंजवळ बसून टाइप केलेले. त्यांनी स्वतः नोंद एकदाही केलेली नव्हती, पुस्तिकेचीच वाट पाहत होत्या. आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, “पुस्तिका भेटली ताई. आता वाचून पूर्ण करून टाकते.” आणि मी म्हणाले होते, करा, करा.

“परत आणता येईल?” मी प्रोग्रामरला विचारलं.

“नोंदच नाही तं कुठून आणू मॅडम? गॅरेजात जुना पार्ट तरी भेटते.”

मी घाईत मेसेज लिहिला: ‘पान १४ वरचं पू. करू नका.’ पाठवण्याआधी वाचला आणि हात थांबला. ‘पूर्ववत’ अख्खं लिहून पाठवला. एकच टिक आली.

“शाळेत फोन कपाटात ठेवतात,” काका म्हणाले.

मी वहीत फोन लावल्याच्या वेळा लिहीत गेले: दोन पन्नास, तीन, तीन दहा. त्याने काही होत नव्हतं, पण हात स्वस्थ बसत नव्हता. चहा आला, तसाच निवला.

पाच वाजून गेल्यावर त्यांचाच फोन आला. “ताई, एवढे मिसकॉल! मी तं सकाळीच पूर्ण केलं. पण फाइल लय लहान दिसून राह्यली. असंच असते का?”

मी काय झालं ते सांगितलं. चूक माझी आहे, हेही.

“अर्धे शब्द वहीत आहेत,” त्या म्हणाल्या. “बाकीचे सासूबाईले पुन्हा विचारा लागन. त्या म्हणतीन, एकडाव सांगितलं ना तुले, काहून विसरली?”

पान चौदा आता बदललं आहे. ‘पूर्ववत’ अख्खं, खाली धोक्याची सूचना. छपाई झाली, दारव्ह्याची प्रत बदलली; दोन्हींपुढे खुणा आहेत. कामांच्या यादीतली शेवटची ओळ अशी: फुलसावंगीला जाऊन सासूबाईंना सांगणे की सून विसरली नाही, मग राहिलेले शब्द उतरवून घेणे.

तिच्यापुढे अजून खूण नाही.