पहिला फास

आता सेज क्रीकमध्ये उरलंय काय? एक गुत्ता, एक पोस्ट आणि वारा. एके काळी इथून आगगाड्या भरभरून गुरं जायची, आणि गुत्ते होते सात! स्टेशनाजवळचे कोंडवाडे आता गवतानं गिळलेत. तरी वसंतात वासरांना डाग द्यायचा दिवस आला की अख्खं गाव हॅस्केलांच्या कुरणावर लोटतं, आणि म्हाताऱ्या ऑर्व्हिल स्ट्राउडला आदल्या रात्री झोप लागत नाही.

घोड्यावरून दोर फेकून वासरू ओढून आणायचं, हा इथला मान. पहिला फास मालकाचा. मग तो नावं पुकारणार. तोंडानं मागितलंत की गेली अब्रू! डवाइट हॅस्केल दर वर्षी आपला फास टाकला की पहिलं नाव ऑर्व्हिलचं घ्यायचा. पण डवाइट हिवाळ्यात गेला. त्याआधीच ऑर्व्हिल घोड्यावरून पडून खुबा मोडून बसला होता. आता मालकीण डवाइटची लेक, जोलीन.

"ती कसली बोलावते तुला!" गुत्तेवाला मर्ल चिडवायचा. "लस टोचायची सुई देईल हातात."

"देऊ दे की! सुई तर सुई," असं म्हणून ऑर्व्हिल घरी जायचा आणि दोराला तेल चोळत बसायचा.

तो दिवस उजाडला. जोलीननं तीन नावं पुकारली, तिन्ही शेजारच्या कुरणांवरची. संपलं. ऑर्व्हिलचं तोंड एवढंसं झालं. मर्लनं चिडवलं नाही, तेच त्याला जास्त लागलं. तो घोडीवरून उतरला आणि खोगिराचा पट्टा सैल करू लागला.

पण वासरांच्या कोंडवाड्यात कुणी शिरेचना. तिघंही घोडे आवरून उभे.

"अहो ऑर्व्हिल, तिकडं काय करताय? लोखंड तापून लाल झालंय!" जोलीन ओरडली.

"माझं नाव कुठं घेतलंस, पोरी?"

"नावं पाहुण्यांची घेतात. पहिला फास घरच्याचा. मला दोर धड फेकता येत नाही, बाबा नाहीत. मग घरचं आहे कोण दुसरं?"

ऑर्व्हिलनं पट्टा पुन्हा आवळला. मर्लनं चढायला खांदा दिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं तो घेतला. त्यानं दोर फिरवला, फेकला, आणि चुकला.

"असू दे हो," जोलीन म्हणाली, "बाबांचाही पहिला चुकायचाच!"

"थापा मारू नकोस! त्याचा कधीच चुकला नाही," ऑर्व्हिल करवादला, आणि बाहीनं डोळे पुसून दोर पुन्हा गोळा करू लागला.