माझ्या प्रोजेक्टमधली कणीसवाली

मी माकडांना केळी चारली. भूतदया वगैरे काही नाही, प्रोजेक्ट लवकर उरकावा म्हणून! नातवंडं झाल्यावर मानवशास्त्रात बी.ए. करायला निघालेली अतिशहाणी विद्यार्थिनी मी. खडकवासल्याच्या रस्त्यावरची माकडं माणसाकडून खाणं कसं घेतात, हा विषय. पण ती माणसांजवळ फिरकतच नव्हती, मग वहीत लिहिणार काय, कपाळ?

फिरकत नव्हती ती तिथल्या कणीसवालीमुळे. माकड दिसलं की ती चिमटा पत्र्यावर आपटायची. मारलं मात्र कधीच नाही. गिऱ्हाइकांनी खाऊन फेकलेली कणसांची बुरकुंडं वेचून पोत्यात भरायची, माकडांसाठी एकही मागे न ठेवता पोतं घरी न्यायची. मी वहीत लिहिलं, "प्राण्यांविषयी ममता नाही." आज वाटतं, ते पान फाडून स्वतःच्याच तोंडात कोंबावं.

माझ्या केळ्यांनी आठ दिवसांत माकडं धीट झाली. एका मुलाच्या हातचं कणीस ओढताना त्याला ओरबाडलं. दुसऱ्याच दिवशी, "तुझ्या कणसांमुळेच माकडं येतात," म्हणत लोकांनी बाईला शेगडीसकट तिथून उठवलं. मी शेजारीच उभी होते, वही छातीशी धरून. तोंड उघडलं नाही.

प्रोजेक्टचं कौतुक झालं. मी पेढे घेऊन तिला शोधत गेले. ती आता वळणापलीकडे बसते, तिथे गाड्या थांबत नाहीत.

"तुम्हीही आहात हो माझ्या वहीत," मी म्हटलं. "सगळं लिहिलंय."

तिनं पेढ्यांना हात लावला नाही. जवळपास एकही माकड नसताना चिमटा पत्र्यावर आपटला.

"समदं लिवलंय? मग केळी कुणी चारली, त्ये लिवलंय का, बाई?"