फणसाचा चीक आणि घडीचा चाकू

मे महिन्यात धाकटे दीर मुंबईहून वरंधला घरी आले आणि त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या हातात एक घडीचा चाकू ठेवला. काळी मूठ, चकचकीत पातं. पातं उघडलं की मुठीतली पोलादी पट्टी टक्‌कन त्याच्या मुळाशी बसायची, म्हणजे ते मिटू नये. सासरे खूश झाले. मला मात्र तो चाकू पहिल्यापासून रुचला नाही.

माहेरी, उमरठला, माझ्या भावाचा असाच चाकू दोर कापताना बोटांवर मिटला होता. त्याचं मधलं बोट अजून नीट वाकत नाही.

"वहिनी, लॉक हाय त्याला. मिटायचा नाय," दीर म्हणाले.

"लॉक हाय, पण धरतं का, ते बघायला नको?"

मी चाकू उघडला, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घेतली आणि पात्याची पाठ लाकडी पाटावर दाबली. पातं हललं नाही. हलकेच आपटून पाहिलं, तरी घट्ट. दीर हसले. मी चाकू परत दिला, पण मनातली पाल चुकचुकतच राहिली. सासऱ्यांनी तो हातात घेतला की माझे कान तिकडेच.

एके दुपारी ते पडवीत फणस घेऊन बसले. कोयत्याने फोडला आणि गरे सोडवायला चाकू घेतला. मध्येच चहा आला, तेव्हा चिकाने माखलेला चाकू तसाच मिटून बाजूला ठेवला. चहा संपवून पुन्हा उघडला. आवाज आला नाही.

"बाबा, थांबा. इकडं द्या तो."

"आता काय झालं गो?"

"टक्‌ वाजलं नाय."

दिरांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. "वहिनी, तुला संशयच फार."

मी चाकू घेऊन पात्याची पाठ पाटावर दाबली. पातं सरळ मुठीत शिरलं. बोटं वाटेत नव्हती म्हणून निभावलं.

दीर उठले, चाकू उजेडात धरून पाहिला. मुठीतल्या खाचेत चीक बसून लॉकची पट्टी अर्ध्यातच अडकली होती. त्यांनी खोबरेल तेल लावून काडीने चीक काढला, फडक्याने पुसलं आणि मग स्वतःच पात्याची पाठ पाटावर दाबून पाहिली. एकदा, पुन्हा एकदा.

"आता धरतंय," ते हळूच म्हणाले.

सासऱ्यांनी तोवर उरलेले गरे हातानेच सोडवून ताटात काढले होते.