मातीत सोडलेली वीज

मातीचं काम करणाऱ्यांकडे किस्से आपोआप साचतात, कारण खाली काय आहे ते खोदेपर्यंत कुणालाच दिसत नाही. आदिलाबाद भागात आमचं काम असं: जमिनीत सळया ठोकायच्या, वीज सोडायची आणि माती तिला किती अडवते ते मोजायचं. ओली काळी माती फारशी अडवत नाही, कोरडा खडक खूप अडवतो. मग सुनंदा मॅडम तीच माती लॅबमध्ये तपासून किती भार पेलेल ते सांगतात.

*

गुडीहत्नूरला शाळेच्या खोलीसाठी मोजलं. एका कोपऱ्यात आकडा एवढा मोठा, की मी खुशाल खडक सांगून टाकला. मॅडम म्हणाल्या, बोअर घेतल्याशिवाय सही करणार नाही. ड्रिल लावलं, थोडं खाली जाताच रॉड धाडकन आत गेला. मशीन कलंडलं, ऑपरेटरनं उडी मारली म्हणून वाचला. खाली धान्याचं जुनं, रिकामं पेव! पोकळीतली हवाही वीज अडवते, हे मी विसरलोच होतो.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुमच्या खडकात ज्वारी ठेवत होते."

*

एकदा कापसाच्या शेतात आकडे वेड्यासारखे उड्या मारत होते. आमचा मदतनीस राजन्ना वायर पाहायला वाकला आणि मटकन खालीच बसला. आमची वीज तर बंद होती! शेतमालकीण धावत आली. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला आमची वायर टेकली होती. तिनं मशीन बंद केलं, राजन्नाला पाणी पाजलं आणि काळजीनं म्हणाली, "डुक्कर तं पळते, भाऊ. तुमी तं बसलेच."

*

नेरडीगोंड्याकडे तळ्याचा बांध तपासत होतो. पाऊस उघडलेला, तळं तुडुंब, बांध वरून कोरडा. पण एकाच जागी दर वेळी आकडा खाली येत होता. बॅटरी बदलली, तरी तेच. मॅडमना फोन केला. त्यांनी आकडे ऐकले आणि विचारलं, "बांधाखाली कोण आहे?"

खाली गावातल्या लक्ष्मीबाई गोधड्या धूत होत्या. बांध आतून भिजतोय, वर या, म्हणून मी ओरडत धावलो. त्या हलेनात. "काऊन? मशीन म्हणते म्हणून?"

राजन्नानं त्यांची बादली उचलली आणि चालू लागला. त्या शिव्या देत त्याच्यामागे वर आल्या, आणि मागे बांधाची अख्खी बाजू घसरली. धुण्याचा दगड चिखलाखाली गेला.

गावानं सांडवा फोडून पाणी उतरवलं, मुरूम टाकला, बांध तगला. संध्याकाळी आम्ही सामान गाडीत भरत होतो, तेव्हा लक्ष्मीबाई जवळ आल्या. चेहरा अजून पांढराफटक.

"बाबू," त्या म्हणाल्या, "आता तुही मशीन माह्या घराखाली लाव."