शेऱ्याच्या रकान्यातली कादंबरी

११ मार्च २०२५, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. ही वेळ मला आठवते असे मी म्हणणार नाही; ती लिहून ठेवलेली आहे. सोलापुरातल्या एका खासगी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेच्या नोंदवहीत, पृष्ठ एकशे बारावर, अगदी उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्यात. माझ्या पहिल्या कादंबरीचे पहिले वाक्य तिथे आहे. ते तिथून नाहीसे करावे आणि पुन्हा तसे काही टिपू नये, असे मला सांगण्यात आले. मी ते मानले नाही.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी या प्रयोगशाळेत लागले. शेतकरी कापडी पिशवीतून अर्धा किलो माती आणतात. आम्ही ती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो, आणि सामू म्हणजे पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब मोजून छापील अहवाल देतो. ज्वारी निघाली की गर्दी होते. त्या गर्दीत वळसंगच्या एक बाई तीन पिशव्या देऊन गेल्या होत्या. तीन मुलगे, तीन नावांच्या चिठ्ठ्या. आकडे हाती आले तेव्हा मी यंत्र पुन्हा तपासून घेतले. तिन्हींचा सामू ८.२, क्षारता जुळणारी, चुनखडीही जुळणारी. एकाच शिवारातले तुकडे असले तरी माती इतकी जुळत नाही. बाई अहवाल न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारले.

"मावशी, तिन्ही पिशव्या एकाच खड्ड्यातून भरल्यात ना?"

"व्हय की."

"मग नावं तीन कशाला?"

"पोरं तीन हायत म्हणून." त्यांनी पदराने मान पुसली. "वाटणी चाललीया. ह्याला चांगलं रान गेलं, त्याला चोपण आलं, रोज त्येच. आता तुमचा कागुदच सांगू दे समद्यांस्नी, रान सारकंच हाय म्हणून."

"पण ते खरं नाही, मावशी."

"तुजं मशीन खोटं बोलतं व्हय?"

"मशीन खरं बोलतंय. पिशव्या खोट्या आहेत."

"पिशव्या म्या भरल्यात. मी खोटी दिसती का तुला?" आवाज जराही न चढवता त्या म्हणाल्या. मग तिन्ही कागदांची एकच घडी घालत पुढे म्हणाल्या, "इतकी शिकल्याली हायस, तरी लई इचारतीस."

अहवालाच्या तळाशी एक ओळ छापलेलीच असते: निष्कर्ष केवळ प्राप्त नमुन्यांपुरते. त्या ओळीच्या आधाराने मी कागद दिले. नोंदवहीत मात्र शेरा लिहिला, 'तिन्ही नमुने एकाच ठिकाणचे. आणणाऱ्यांनी मान्य केले.' आणि हात थांबायच्या आत त्याखाली त्यांचे पिशव्या भरल्याचे वाक्य त्यांच्याच शब्दांत उतरवले, वेळेसकट.

ही चूक होती, हे मी तेव्हाही जाणत होते. कादंबरीसाठी मी वेगळी वही ठेवते. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ असते. डावीकडे जे पाहिले-ऐकले ते, उजवीकडे त्यावरून मला जे वाटले ते. निरीक्षण आणि अनुमान एकमेकांत मिसळू द्यायचे नाही, ही शिस्त मला प्रयोगशाळेने लावली. त्या दिवशी वही घरी राहिली होती. संध्याकाळी मी ते वाक्य आठवणीतून वहीत उतरवले आणि दुसऱ्या सकाळी नोंदवहीशी ताडून पाहिले. वहीत होते, 'पिशव्या मी भरल्या आहेत, मी खोटी नाही.' सात-आठ तासांत माझ्या स्मरणशक्तीने बाईंना नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नेऊन बसवले होते. त्यांनी मला केलेला प्रश्न गळाला होता. मी समोर होते, हेही गळाले होते. त्या दिवसापासून मी नियम केला की नोंद जागच्या जागी व्हावी, हातात जो कागद असेल त्यावर. संध्याकाळपर्यंत जे उरते ते बहुतेक माझेच असते.

टिपण्यात मी एवढी काटेकोर झाले, पण टिपलेले वाढवताना घोटाळा केला, आणि तो माझ्यासारखीच करू शकते. यंत्राच्या एका वाचनावर विसंबायचे नाही, हे हाडात भिनलेले. म्हणून पुढच्या चार महिन्यांत वाटणीच्या गोष्टी सांगणाऱ्या आणखी पाच बायका नोंदवल्या. वैरागच्या एक होत्या, त्या दर वाक्यानंतर आपण काही बोललोच नाही असे सांगत. अक्कलकोटकडच्या एक होत्या, राग आला की मराठी सोडून कन्नडमध्ये शिरत. सहाही जणींचे गुण मी तक्त्यात मांडले. फारच वेगळे पडलेले बाजूला काढले, उरलेल्यांचा मध्य धरला आणि त्यातून एक आई तयार केली. पन्नाशीची, समंजस, मुलांवर सारखी माया करणारी. तिला मी चाळीस पाने चालवली. चाळीस पानांत तिने माझे एकही म्हणणे नाकारले नाही. वेगळे पडलेले वाचन टाकून देणे मातीच्या बाबतीत रास्त असेल. कादंबरीत मी नेमके जिवंत तेवढेच टाकून दिले होते.

ती चाळीस पाने मी फाडली नाहीत. प्रत्येकावर एक तिरपी रेघ मारून ठेवली आणि पृष्ठ एकशे बाराकडे परतले. या वेळी लिहिलेल्याकडे न पाहता न लिहिलेल्याकडे पाहिले. खड्डा कुठे घेतला होता? हे मी विचारलेच नव्हते. प्रयोगशाळेत रिकामा रकाना हा दोष असतो आणि तो भरता येण्याजोगा होता. बसने तासाभरात जाऊन विचारून येता आले असते. मी गेले नाही. माती सर्वांत चांगल्या तुकड्यातून घेतली असेल, तर ही बाई मुलांना फसवत होती. सर्वांत वाईट तुकड्यातून घेतली असेल, तर ती त्यांना शिक्षा देत होती. आणि कोणाच्याच वाटणीत नसलेल्या जागेतून, समजा परसातून, घेतली असेल तर? तिन्ही शक्यता मी वेगवेगळ्या लिहून पाहिल्या. तिसरीतल्या बाईने दुसऱ्याच पानावर माझे ऐकणे बंद केले. मला हवी होती ती हीच.

नोव्हेंबरमध्ये प्रयोगशाळेच्या मान्यतेसाठी तपासणी ठरली. आमचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, नोंदवह्या चाळताना एकशे बाराव्या पानावर थांबले आणि त्यांनी मला बोलावले.

"हे काय आहे?"

"शेरा आहे, सर."

"हा शेरा? हा वगनाट्यातला संवाद आहे." त्यांनी व्हाइटनरची बाटली माझ्याकडे सरकवली. "उद्या भावांपैकी एक जण कोर्टात गेला, तर आपल्याला सगळं माहीत होतं हे आपल्याच अक्षरात सापडेल."

"माहीत होतंच ना, सर. आणि वहीत खाडाखोड झाली तर एक रेघ, मजकूर वाचता यायला हवा, शेजारी सही नि तारीख. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत."

"ते चुकलेल्या आकड्यांसाठी."

"इथं तर काहीच चुकलेलं नाही."

ते थोडे हसले. मग म्हणाले, तांत्रिक प्रमुखाच्या जागेसाठी माझेच नाव पुढे आहे. फक्त हे पान स्वच्छ व्हावे, आणि ग्राहकांचे बोलणे कुठेही टिपणार नाही असे मी लिहून द्यावे.

"कुठेही म्हणजे?"

"घरीसुद्धा. अहो मॅडम, तुम्ही केमिस्ट आहात. कादंबऱ्या लिहिणारे वेगळे असतात."

"कसे असतात?"

"त्यांना सुचतं."

ती जागा मला हवी होती, हे इथे स्पष्ट लिहिते. चार वर्षे मी तिच्यासाठी राबले होते. पण त्या कागदावर सही करणे म्हणजे कादंबरी तिथेच संपवणे. ज्याला सर सुचणे म्हणत होते, तो माझ्या मते ऐकलेल्याचाच साठा असतो. कुठून आले याची नोंद हरवली की लोक त्याला प्रतिभा म्हणतात. माझी नोंद हरवलेली नाही, एवढ्यावरून मला कमी लेखण्याचा अधिकार मी कोणाला देत नाही.

त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मात्र खरा होता. लोक आमच्याकडे माती तपासून घ्यायला येतात, स्वतःला नाही. म्हणून मी कोरा कागद घेतला आणि लिहिले, 'नावे, गावे व ओळख पटेल असा तपशील बदलेन. टिपणे थांबवणार नाही. पान बदलणार नाही.' खाली सही केली, तारीख घातली. हा शब्द मी इथेही पाळला आहे. वळसंग हे त्या बाईंचे गाव नाही आणि मुलगे तीनच होते असेही समजू नये.

सरांनी कागद दोनदा वाचला. "हट्टी आहात," एवढेच म्हणाले आणि तो खणात ठेवला. तपासणीसाठी आलेल्या बाईंनी पृष्ठ एकशे बारा वाचले, सही कोणाची आहे हे विचारले आणि पान उलटले. तांत्रिक प्रमुखाची जागा माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या सहकाऱ्याला मिळाली. आता माझ्या अहवालांवर त्याची सही असते. ते मला लागते. लागत नाही असे लिहिले तर ते खोटे वाचन ठरेल.

जागा गेल्याचे कळले त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी पहिले प्रकरण नव्याने लिहायला बसले. आरंभी बाईंचे वाक्य ठेवले, एक अक्षर न बदलता. खड्डा कुठे होता हे प्रकरणात कोणालाच कळत नाही. मुलांना नाही, कागद देणाऱ्या मुलीलाही नाही. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी थांबले, शब्द मोजले आणि वहीच्या डाव्या बाजूला आकडा लिहिला: २,३१६.