वडिलांची दाढ

वडिलांनी आईचा हात मोडला तेव्हा सकाळचे पोहे अजून ताटलीत होते.

ते फौजेतले निवृत्त सुभेदार. रहिमतपूरजवळ आमचा ऊस. त्यांना विसर पडायला लागला तसं रान वाट्यानं देऊन मी दोघांना सांगलीला माझ्या घरी आणलं. लेक म्हणून मला कधी ओळखायचे, कधी नाही. आईला मात्र ओळखायचे.

मग एकदा दोन-तीन दिवसांतच माणूस बदलला. घास थुंकायचे, अंगाला हात लावला की फटका मारायचे. आम्हाला वाटलं, आजार वाढला. त्या सकाळी आई त्यांचं तोंड पुसायला गेली आणि त्यांनी काठी उचलली.

"कोण हाईस तू? घरात शिरलीस कशी?"

"आवं, मी हाय, मी!"

दुसरा घाव तिनं मनगटावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. धावत गेले तर ते तिचा गळा आवळत होते. मी मागून कव घातली. त्यांनी माझ्या दंडाला असा चावा घेतला की कातडं निघालं. आरडाओरडा ऐकून आलेल्या शेजारच्या दोघा भावांनी त्यांना खाटेवर पाडलं. ज्या वडिलांसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, त्यांचे पाय मी आईच्या लुगड्यानं बांधले. ते हिंदीत शिव्या देत होते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्यांचं तोंड उघडून पाहिलं. खालची दाढ किडून मुळाशी पू झाला होता.

"दाढेचा आणि डोक्याचा काय संबंध?" मी चिडून विचारलं.

"मेंदूची राखण करणाऱ्या पेशी असतात. वय झालं की त्या चिडक्या होतात, आणि या आजारात तर फारच. अंगात कुठंही सूज आली की त्या भडकतात आणि मेंदूलाच इजा करतात. त्यात यांना दुखतंय, पण सांगता येत नाही."

दाढ काढली, औषधं सुरू झाली. हळूहळू हात उगारणं थांबलं. एकदा आईचं प्लास्टर बघून म्हणाले, "बाई, कुणी मारलं ओ तुमास्नी? नाव सांगा, हातपाय मोडतो त्येचं."

"पडले," आई म्हणाली आणि आत निघून गेली. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

ती ओळख परत आली नाही. सूज उतरते, पण गेलेलं सगळं परत देत नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलंच होतं.

थंडीत छातीत कफ झाला आणि पुन्हा त्यांची नजर फिरली. या खेपेला मी थांबले नाही, लगेच रिक्षा बोलावली. वाटेत त्यांनी तोंडावर बुक्की मारून माझा ओठ फोडला. मी त्यांना तसंच धरून ठेवलं. कफ गेला, त्याबरोबर बोलणंही गेलं.

आता आई रोज हनुवटी धरून त्यांचे दात घासते. कधीकधी ते कडकडून चावतात. ती बोट सोडवून घेते, नळाखाली रक्त धुते आणि उरलेले दात घासायला परत येते.